‘से’, ‘टेल’, ‘स्पीक’, ‘टॉक’: कुठे कोणता शब्द, हे मराठीला विचारून ठरवा

माझी शाळा मराठी माध्यमाची. डिप्लोमा करून चाकणजवळच्या एका कारखान्यात लागलो. कामाचं इंग्रजी येत होतं. मशिनचे भाग, मापं, दोष, तपासणीचे अहवाल यांत कुठे अडलो नाही. अडलो तो अगदी साध्या शब्दांवर. पहिल्याच वर्षी परदेशातल्या एका वरिष्ठांना मी मेल लिहिली, ‘आय टोल्ड यू टू सेंड द ड्रॉइंग.’ माझ्या मनात होतं, ‘मी तुम्हाला ड्रॉइंग पाठवायला सांगितलं होतं’, म्हणजे फक्त आठवण करून देणं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, कोरडं, आणि माझ्या साहेबांना सीसी करून. दुपारी विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमनी मला बाजूला बसवून सांगितलं, ‘अरे, तू त्यांना हुकूम सोडलास, आणि वर दरडावलंस.’ वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. शब्दाची निवड चुकली होती.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. ती वही या लेखात मांडतोय, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलं आजही नेमकी याच ठिकाणी अडखळताना मला दिसतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. आपल्या लहान इंग्रजी-मराठी कोशांत ‘से’पुढे ‘म्हणणे, सांगणे, बोलणे’ छापलेलं असतं आणि ‘टेल’पुढे ‘सांगणे, बोलणे’. मग मुलाला वाटतं, कोणताही शब्द घेतला तरी चालेल.

मराठीला हा फरक चांगला माहीत आहे. म्हणणं वेगळं, सांगणं वेगळं, बोलणं वेगळं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलेलं नाही. त्या ज्ञानाचा वापर करायचा, एवढंच.

जवळ काय ठेवायचं

- लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज या तिघांचेही कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतात.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारलेली १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर तो मोफत आहे.
- एक वही. फोनमधली नाही, कागदाची. हाताने लिहिलेलं वाक्य लक्षात राहतं, हा माझा अनुभव.

१. आधी मराठी वाक्य पूर्ण करा

इंग्रजी वाक्य जुळवायला घेण्याआधी मनातलं मराठी वाक्य क्रियापदापर्यंत नेऊन पूर्ण करा. शेवटी काय आलं? म्हणाला, सांगितलं, बोलला की विचारलं? ढोबळ जोड्या अशा: म्हणणे म्हणजे ‘से’, सांगणे म्हणजे ‘टेल’, बोलणे म्हणजे ‘स्पीक’ किंवा ‘टॉक’, विचारणे म्हणजे ‘आस्क’. दहातली सात-आठ वाक्यं एवढ्यावर सुटतात. बाकीच्यांसाठी पुढच्या पायऱ्या.

मुंबई-ठाणे-रायगडकडच्यांनी मात्र इथे एक जास्तीचं पाऊल टाकायचं. तिकडे ‘तो बोलला, मी येतो’, ‘मी त्याला बोललो’ असं सर्रास म्हणतात. ती बोली आपली आहे, तिच्यात काही कमी नाही. पण त्या वाक्यातला ‘बोलला’ थेट इंग्रजीत नेला, तर ‘ही स्पोक दॅट ही इज कमिंग’ असं वाक्य तयार होतं आणि ते चुकतं. म्हणून आधी स्वतःला विचारा: इथे ‘बोलला’च्या जागी ‘म्हणाला’ बसेल की ‘सांगितलं’? जे बसेल, त्याचं इंग्रजी करा.

२. ‘से’: पुढे शब्द येतात

‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ या नाममुद्रा आठवा. ‘म्हणे’ आलं की त्यामागून त्या माणसाचे शब्द येतात. ‘से’चं काम अगदी हेच. कोणाला म्हटलं, हे तिथे दुय्यम असतं. काय म्हटलं, ते मुख्य. म्हणून ‘ही सेड, आय अ‍ॅम टायर्ड’ किंवा ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘ही सेड मी’. ती होते, कारण मराठीत ‘तो मला म्हणाला’ चालतं. इंग्रजीत ‘से’ला माणूस थेट चिकटत नाही, मध्ये ‘टू’ लागतो: ‘ही सेड टू मी’. आणि माणसाचा उल्लेख करायचाच असेल, तर बहुतेक वेळा ‘ही टोल्ड मी’ जास्त सहज वाटतं. डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ करा, असं शाळेत पाठ केलेलं असतं. त्या नियमाचं मूळ हे आहे.

‘से’चा दुसरा उपयोग आपण विसरतो. लिहिलेली गोष्टही इंग्रजीत ‘से’ करते. ‘पाटीवर लिहिलंय’ याला ‘द बोर्ड सेझ’, ‘पत्रात असं आहे’ याला ‘द लेटर सेझ’. आपण ‘इट इज रिटन ऑन द बोर्ड दॅट’ अशी लांब वाट धरतो. चूक नाही ती, पण मेल जड होते. उच्चारही इथेच सांगून ठेवतो: ‘सेझ’ आणि ‘सेड’, दोन्ही आखूड. ‘सेइज’, ‘सेइड’ नाही.

‘दहा-बारा माणसं म्हणा ना’ यातलं ‘म्हणा’सुद्धा ‘से’च आहे: ‘से, टेन ऑर ट्वेल्व्ह पीपल’. मला हे सापडलं तेव्हा फार आनंद झाला होता. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, आणि अंदाज सांगताना दोघींच्या हाताला तेच क्रियापद लागतं.

न्यायालयाच्या कामाशी संबंध असेल, तर ‘से दाखल केला’ हे वकिलांच्या तोंडून ऐकलं असेल. अर्जावर विरुद्ध पक्षाने द्यायचं लेखी उत्तर, ज्याला मराठीत ‘म्हणणे दाखल करणे’ म्हणतात, ते हे. आपल्याकडच्या न्यायालयांत ते रुळलेलं आहे. बाहेरच्या माणसाला मात्र ‘रिप्लाय’ म्हटलेलं लगेच कळेल.

३. ‘टेल’: समोर माणूस हवाच

सांगायला कोणीतरी लागतं. एकटा माणूस स्वतःशी बोलेल, काहीबाही म्हणेलही, पण सांगेल कोणाला? ‘सांगावा’ धाडतात तो कोणाकडे तरीच. ‘टेल’चं तसंच आहे. त्याच्या मागोमाग माणूस आलाच पाहिजे: ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड हर’, ‘टोल्ड द सुपरवायझर’. ‘ही टोल्ड दॅट’ असं माणसाशिवाय लिहिलं तर वाक्य लंगडं पडतं. आणि मध्ये ‘टू’ नको. ‘टोल्ड टू मी’ ही आपली दुसरी लाडकी चूक. ‘मला’मधला ‘ला’ आपण ‘टू’ करून नेतो, म्हणून ती होते.

माणसाशिवाय ‘टेल’ चालतो अशा मोजक्या जागा पाठ करून टाका: टेल अ स्टोरी, टेल अ जोक, टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल द टाइम, टेल द डिफरन्स. शेवटच्या दोन जरा नीट पाहा. ‘टेल द टाइम’ म्हणजे घड्याळ वाचता येणं आणि ‘टेल द डिफरन्स’ म्हणजे फरक ओळखणं. इथे सांगण्यापेक्षा कळण्याचा अर्थ आहे. ‘आय कान्ट टेल’ म्हणजे ‘मी सांगणार नाही’ असं नव्हे, तर ‘मला कळत नाहीये, नक्की सांगता येत नाही’. एका पाहुण्या तपासनिसाने एका भागाकडे बघत हे वाक्य उच्चारलं, तेव्हा मला वाटलं तो काहीतरी लपवतोय. तो फक्त म्हणत होता की नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही.

‘टेल’चा जुना अर्थ मोजणे असाही होता. बँकेत नोटा मोजून देणारा ‘टेलर’ त्यातूनच आला आणि एटीएममधला ‘टी’ही तोच: ऑटोमेटेड टेलर मशिन. जर्मन शिकणाऱ्यांना ही जोडी लगेच ओळखीची वाटेल, कारण तिथे ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे आणि ‘एर्त्सेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणे. मी हे असं लक्षात ठेवलं: टेलर नोटा मोजून कोणाच्या तरी हातात देतो. ‘टेल’मध्येही माहिती कोणाच्या तरी हातात पडते. घेणारा हात वाक्यात दिसला पाहिजे.

४. ‘टेल’नंतर ‘टू’ आणि काम आलं, की तो हुकूम होतो

बाकी काही वाचलं नाही तरी ही पायरी वाचा, कारण इथली चूक कोणी लाल पेनाने दाखवत नाही. समोरचा मनातल्या मनात दुखावतो आणि आपल्याला कारण कळत नाही.

मराठीत ‘सांगणे’ सगळीकडे चालतं. आईने मला दूध आणायला सांगितलं. मी साहेबांना सही करायला सांगितलं. शेजाऱ्यांना गाडी जरा पुढे घ्यायला सांगितलं. तिन्ही वाक्यांत क्रियापद तेच, आणि कोणाचाही अपमान होत नाही. कारण आपला आदर दुसरीकडून आलेला असतो: ‘तुम्ही’मधून, ‘करता का जरा’मधून, आवाजाच्या पट्टीतून. इंग्रजीत ‘यू’ सगळ्यांना एकच. मुलालाही ‘यू’, साहेबालाही ‘यू’. त्यामुळे मान राखण्याचं बरंचसं ओझं क्रियापदावर आणि ‘कुड’, ‘वुड’ अशा शब्दांवर येतं. आणि ‘आय टोल्ड हिम टू साइन’ या वाक्यात सांगणारा वर असतो, ऐकणारा खाली.

म्हणून ‘करायला सांगितलं’ आलं की थांबा आणि विचारा, सांगणाऱ्याचा तसा अधिकार आहे का?

अधिकार असेल तर ‘टेल’. डॉक्टर रुग्णाला विश्रांती घ्यायला सांगतात, पोलीस गाडी थांबवायला सांगतो, आई मुलाला हात धुवायला सांगते. ‘द डॉक्टर टोल्ड मी टू रेस्ट’ अगदी बरोबर.

अधिकार नसेल, किंवा असूनही दाखवायचा नसेल, तर ‘आस्क’. ‘आय आस्क्ड माय मॅनेजर टू साइन द फॉर्म.’ ग्राहक, वरिष्ठ, दुसऱ्या विभागातले सहकारी, शेजारी, सगळ्यांसाठी हेच. ‘आस्क’ म्हणजे फक्त प्रश्न विचारणे, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. विनंती करणं हाही त्याचा रोजचा अर्थ आहे.

आठवण करून देताना आणखी एक खाच आहे. ‘आय आस्क्ड यू टू सेंड द ड्रॉइंग’ हे ‘टोल्ड’पेक्षा बरं, पण त्यातही बोट समोरच्याकडेच राहतं: मी सांगितलं आणि तुम्ही केलं नाही. माझ्या त्या मेलच्या जागी आज मी असं लिहितो: ‘जस्ट अ रिमाइंडर अबाउट द ड्रॉइंग. कुड यू प्लीज सेंड इट बाय फ्रायडे?’ यात कोणी कोणाला काय सांगितलं होतं, याचा हिशोबच नाही.

मात्र ‘टेल’ला घाबरून तो टाकूनही देऊ नका. मी तसं केलं होतं. काही महिने जिथेतिथे ‘इन्फॉर्म’ लिहिलं आणि माझ्या मेल नोटीस बोर्डासारख्या वाचल्या जाऊ लागल्या. नुसती माहिती सांगताना ‘टेल’ पूर्णपणे सभ्य आहे. ‘आय टोल्ड माय मॅनेजर दॅट आय वॉज नॉट वेल’ यात काहीही उद्धट नाही. उद्धटपणा फक्त ‘टेल’, माणूस, ‘टू’, काम या साखळीत येतो.

‘कळवा’साठी आपल्या कार्यालयांत ‘प्लीज इंटिमेट’ लिहिण्याची जुनी पद्धत आहे. परदेशी वाचकाला ते विचित्र वाटतं, कारण तो शब्द त्याच्या कानाला जवळीक दाखवणारा. ‘प्लीज लेट मी नो’ लिहा. ‘कळवा’चं याहून चांगलं इंग्रजी मला अजून मिळालेलं नाही.

५. बोलणे: ‘स्पीक’ की ‘टॉक’

इथे फरक पातळ आहे आणि बऱ्याचदा दोन्ही चालतात, तेव्हा फार डोकं शिणवू नका. भाषा बोलणं म्हणजे नेहमी ‘स्पीक’: ‘आय स्पीक मराठी’. सभेत बोलणं म्हणजे ‘स्पीक’. गप्पा, चर्चा, दोन बाजूंनी चाललेलं बोलणं म्हणजे ‘टॉक’. दोन पक्षांमधली ‘बोलणी’ इंग्रजीतही अनेकवचनीच असतात: ‘टॉक्स’. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लावू नका. ‘टॉक अबाउट द प्रॉब्लेम’ पण ‘डिस्कस द प्रॉब्लेम’.

खरी अडचण फोनवर येते. मराठीत फोन उचलून आपण ‘हां, बोला’ म्हणतो आणि त्यात किती आपलेपणा असतो! त्याचं ‘यस, टेल मी’ केलं की आपलेपणा वाटेतच गळतो. आपल्या देशात ते सगळे समजून घेतात, पण परदेशी माणसाला ते तुटक वाटू शकतं, जणू ‘लवकर सांग आणि मोकळा हो’. ‘हाऊ कॅन आय हेल्प?’ म्हणा. समोरचा ओळखीचा असेल आणि बोलता बोलता थांबला असेल, तर ‘गो अहेड’.

‘मी पुण्याच्या ऑफिसमधून बोलतोय’ याचं ‘आय अ‍ॅम टॉकिंग फ्रॉम पुणे ऑफिस’ करू नका. आधी ‘धिस इज’ म्हणून नाव, मग ‘कॉलिंग फ्रॉम द पुणे ऑफिस’. ‘कोण बोलतंय?’ याला थेट ‘हू आर यू?’ तर नकोच. ‘मे आय नो हूज कॉलिंग?’

आणि ‘मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं’. या ‘जरा’ला जपा. ‘वी नीड टू टॉक’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी गंभीर घडलंय. ‘डू यू हॅव अ मिनिट?’ एवढं पुरे.

६. जिथे मराठी क्रियापद फसवतं

पहिल्या पायरीतल्या जोड्या इथे उपयोगी पडत नाहीत. माझ्या वहीतल्या या ओळी तशाच उतरवतो:

- खोटं बोलला: ‘ही लाइड’ किंवा ‘टोल्ड अ लाय’. बोलणं आहे म्हणून ‘स्पोक अ लाय’ नको.
- गाणं म्हटलं: ‘सँग’. कविता म्हटली: ‘रिसायटेड’. प्रार्थना मात्र ‘से’.
- साहेब मला खूप बोलले: ‘टॉक्ड टू मी अ लॉट’ लिहिलंत तर अर्थच उलटेल, कारण ते गप्पा मारणं झालं. इथे ‘टोल्ड मी ऑफ’.
- डॉक्टरांनी औषध सांगितलं: ‘प्रिस्क्राइब्ड’.
- त्याने भाव सांगितला: ‘कोटेड अ प्राइस’.
- पैसे मागितले: ‘आस्क्ड फॉर मनी’. ‘फॉर’ गळला की वाक्य मोडतं.
- शंका विचारली: ‘आस्क्ड अ क्वेश्चन’. ‘आय हॅव अ डाउट’ परदेशी माणसाने ऐकलं, तर त्याला वाटतं तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही.

‘म्हणे’ या शब्दासाठी वेगळी ओळ हवी. ‘तो म्हणे अमेरिकेला गेला’ यात कोणी काही म्हणत नाही. बोलणारा सांगतोय की ही ऐकीव गोष्ट आहे, मी हमी घेत नाही. त्याला ‘ही सेझ ही वेंट’ केलं की ऐकीव बातमी त्या माणसाच्या तोंडी जाते. ‘अ‍ॅपरंटली’ वापरा, किंवा ‘आय हिअर’. चौकशी, तक्रार, अपघाताचा अहवाल अशा कागदांत हा फरक चुकला, तर जे कोणी म्हटलंच नाही ते त्याच्या नावावर लागतं. भाषांतराचं काम करणाऱ्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून बसावं.

७. कोशात अर्थ नव्हे, सांगाडा शोधा

शंका आली की लर्नर्स डिक्शनरी उघडा, पण अर्थ वाचून बंद करू नका. अर्थ तुम्हाला ठाऊकच आहे. ‘टेल समबडी समथिंग’, ‘से समथिंग टू समबडी’ असे सांगाडे तिथे ठळक दिलेले असतात. ते वहीत उतरवा आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या कामातलं एक वाक्य लिहा. जवळच्या शब्दांमधला फरक सांगणारी एक चौकटही बऱ्याच नोंदींखाली असते, ती सोडू नका. हे कोश शिकणाऱ्यांच्या चुका डोळ्यांपुढे ठेवूनच घडले. ऑक्सफर्डच्या कोशाचे कर्ते ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत, आणि त्या कोशाचं पहिलं रूप १९४२ साली टोकियोत छापलं गेलं. ऑक्सफर्डने तो १९४८मध्ये काढला.

मराठी शब्दाच्या सगळ्या छटा एकदम पाहायच्या असतील, तेव्हा मोल्सवर्थ काढा. त्यातलं इंग्रजी जुनं आहे, ते मेलमध्ये घालू नका. पण ‘बोलणे’ किती दिशांना पसरलंय, हे तिथे एका नजरेत दिसतं.

८. आज रात्री ही सहा वाक्यं करून पाहा

उत्तरं झाकून ठेवा.

१. ती म्हणाली की उशीर होईल.
२. तिने मला सांगितलं की उशीर होईल.
३. मी ग्राहकाला नमुना पाठवायला सांगितलं.
४. सूचनेत लिहिलंय की गेट बंद आहे.
५. दोन्ही भाग सारखेच दिसतात, ओळखता येत नाही.
६. उद्या म्हणे सुट्टी आहे.

उत्तरं: १. शी सेड शी वुड बी लेट. २. शी टोल्ड मी शी वुड बी लेट. ३. आय आस्क्ड द कस्टमर टू सेंड अ सॅम्पल. ४. द नोटीस सेझ द गेट इज क्लोज्ड. ५. दे लुक द सेम, आय कान्ट टेल देम अपार्ट. ६. अ‍ॅपरंटली टुमॉरो इज अ हॉलिडे.

तिसऱ्यात ‘टोल्ड’ लिहिलं असेल, तर चौथी पायरी उद्या सकाळी पुन्हा वाचा.